घरी पडलो म्हणे!

१२ जानेवारी, सोमवार
तोच पाय! लांजीच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडलो तेव्हा मोडला होता, रॉड घातला, इतकी वर्षं बरा चालला. आता राइस मिलमध्ये पाठीवर पोतं घेऊन ट्रकवर चढताना फळी सरकली आणि पुन्हा तिथेच मोडला. आज दवाखान्यातून घरी आणलं. कूस बदलायचीही चोरी. आम्रपाली म्हणते, पप्पा, डायरी हिंदीत लिहा ना, मी पण वाचीन. पोरगी हिंदी शाळेतली, मराठी वाचायचा कंटाळा. म्हणूनच तर मराठीत लिहितो!

१५ जानेवारी
मिलचे मुनीमजी सफरचंदं घेऊन आले. "पैर तो पुराना ही था ना, भैयालाल?" वर म्हणे दवाखान्यात 'घरी पडला' असंच लिहिलंय.
डॉक्टरला तसं प्रेमलालनं सांगितलं, माझ्यासोबतच्या हमालानं. मिलमधून मला उचलून ऑटोत त्यानंच घातलं. डॉक्टरनं विचारलं तेव्हा माझ्या कानात म्हणाला, "पुलिसचं लफडं काहून मागे लावतो भाऊ?" आपल्याकडे सगळे असंच सांगतात. मीही मान हलवली. आता राग काढू कोणावर?

१९ जानेवारी
आम्रपालीच्या आईनं, अंजनानं, हट्टानं ऑटोत घालून वकिलाकडे नेलं. पुष्पलताबाई. वयानं लहान, पण सगळं ऐकून घेतलं. "जुना पाय असला तरी कामावर मोडला ना काका? भरपाईचा हक्क बनते. आधी नोटीस देऊ, नाही मानलं तर दावा लावू. पण मिलमध्ये पडले हे पाह्यलं कोणं?"
प्रेमलालनं. एकट्यानंच.
"मंग त्याले बोलवा."
बोलवा म्हणे! त्याचं घर त्याच मिलवर चालतं.

२० जानेवारी
प्रेमलालला घरी बोलावून साक्ष द्यायला सांगितलं. चहा तसाच ठेवून उठला.

२६ जानेवारी
ठणका. लिहवत नाही.

३१ जानेवारी
प्रेमलाल फिरकलाच नाही. आमची गल्ली टाळून जातो, अंजना म्हणते. मुनीमजी मात्र आले. पाय बरा झाला की गेटवर बसायचं काम देतो म्हणाले. फक्त लिहून द्यायचं — घरी पडलो, मिलचा संबंध नाही. अंजना आतून ओरडली, "सही नोका करू! बाई नोटीस बनवून राह्यली."
थकलो मी. खरंच थकलो. हमाली आता होणे नाही. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायला पाय तरी कुठे आहेत! केली सही.
अंजनानं ताट समोर आपटलं आणि आत निघून गेली.

२ फेब्रुवारी
भरदुपारी प्रेमलाल आला, डबा तसाच भरलेला. "वकीलबाईले सांगून आलो भाऊ, मिलमध्येच पडला, म्या पाह्यलं. मुनीमजीलेही तोंडावर सांगतलं. कामावरून काढलं मले. जाऊ दे! तू आता माघार नोको घेऊ."
अंजनानं त्याला गरम भात वाढला. पोटभर जेवून गेला. मला सांगता आलं नाही.