बिब्ब्याचा नसलेला डाग

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला लिहावं असं कधी सुचलं नाही. आज लिहितेय, कारण माझ्या तळपायावर टाचेजवळ काळा डाग आलाय. तुमचाही तिथेच होता ना?

वर्ध्याच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्या भिंगातून बघत होत्या, मी त्यांच्या तोंडाकडे. म्हणाल्या, "साधा तीळ असेल, काट्याने आत साकळलेलं रक्तही असेल. पण कडा वेड्यावाकड्या आहेत, रंग सारखा नाही. तुकडा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही." मग विचारलं, "यावर बिब्बा लावला होता का?"

मी "नाही" म्हणाले, पण तुमची टाच डोळ्यांसमोर आली.

पराटीत, कपाशीच्या शेतात, तुमच्या पायात काटा मोडला की आई बिब्बा दिव्यावर धरायची, सुईने टोचायची आणि गरम तेल टाचेला लावायची. काळा डाग पडायचा, कातडीबरोबर निघूनही जायचा. तो एक मात्र गेला नाही. मी विचारलं तर माझ्यावरच खेकसलात, "बिब्ब्याचाच हाये, जाईन. तू काऊन घाबरून राह्यली?" आणि दुखलं की त्याच्यावरच पुन्हा बिब्बा! काळ्यावर काळं लावल्यावर खाली काय वाढतंय ते कोणाला दिसणार होतं? जांघेत गाठ आली तेव्हा कुठे दवाखान्याची पायरी चढलात; तोवर कॅन्सर पसरला होता. इतका हट्ट कशासाठी, बाबा?

माझा डाग दिसला तेव्हा आईने सवयीने बिब्ब्यांचा डबा काढला होता. "आण पाय, घालून देतो. आराम पडन." मी पाय मागे घेतला. ती डबा मांडीवर धरून बसून राहिली.

तुकडा तपासायला गेलाय, रिपोर्ट यायचाय. फोन वाजला की आधी नंबर बघते. दुकानात गिऱ्हाईक साखर मागतं आणि मी मीठ तोलते. तुमच्यासारखंच निघालं तर?

आज सकाळी अंगणात ऊन आल्यावर आई आपणहून पाय पसरून बसली. "माह्ये बी पाय पाह्य," म्हणाली. मी बोटांच्या बेचक्यांसकट सगळं पाहिलं. भेगा होत्या, बाकी काही नव्हतं.

वचन देते, बाबा. रिपोर्ट काहीही येवो, मी हा डाग कशाखाली झाकणार नाही. आणि आईचे पाय असेच उन्हात बघत जाईन. तुमचे तुम्ही कधी बघू दिले नाहीत. मला बघायचे होते.

तुमची,
बेबी