टायगरचं गुरगुरणं

उदगीर,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

ती. अण्णास,
मंजुश्रीचे शरणु शरणार्थी.

इकडं सगळं ठीक आहे. थंडी पडायला लागली. मोंढ्यात सोयाबीन उतरतंय, त्यामुळं आपल्या गल्लीत दिवसभर ट्रकांचे भोंगे आणि धुरळा. बालवाडीला दिवाळीची सुट्टी अजून चालू आहे, म्हणून मी घरीच असते. तुझ्या हाताचे टाके निघाले असं वैनीनं सांगितलं. बरं झालं. उरलेली इंजेक्शनं चुकवू नकोस. टायगरला लस दिलेली आहे आणि तो ठणठणीत आहे, तरी चुकवू नकोस.

पत्र कशाला लिहिलं म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून. तुझे क्लासमधले विद्यार्थी तुझं ऐकून घ्यायला फी भरतात, मला ती सवय फुकटात लागली. पत्राला काही मधेच तोडता येत नाही. फार तर फाडशील.

तू म्हणालास, रविवारी माणूस घेऊन येतो, कुत्र्याला इंजेक्शन देऊन मोकळं होऊ. असं म्हणालास जसं काही जुनं कपाट काढायचं आहे. का, तर तो न सांगता चावला. भाऊबीजेपासून हे वाक्य मी सगळ्यांकडून ऐकते आहे. वैनीकडून, तुझ्या भागीदाराकडून, तुझ्याबरोबर आलेल्या त्या भागवत सरांकडून, अगदी निलंग्याच्या आत्याकडूनसुद्धा. न सांगता चावला. त्याबद्दलच लिहायचं आहे.

तुला आठवत असेल, टायगरला तू जानवळहून आणलंस तेव्हा तो दोन मुठींएवढा होता. पश्मी जातीचं पिल्लू, कानांवर रेशमासारखे केस. लातूरच्या बंगल्याला शोभेल म्हणून आणलास. मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितलास आणि त्याला शिस्त लावायला घेतलीस. तो खाताना रोज मधेच वाटी ओढून घ्यायची, त्याला बसवायचं आणि मग वाटी परत द्यायची. मी विचारलं होतं, हे कशाला. तू म्हणालास, "ह्याला कळलं पाहिजे मालक कोण हाय." तो गुरगुरायला लागला तशी तू चप्पल घेतलीस. नाव ठेवलंस टायगर, आणि गुरगुरला म्हणून हाणलंस.

मग तो गुरगुरायचा बंद झाला. तू सगळ्यांना सांगितलंस, शहाणा झाला. पुढच्याच महिन्यात तुमच्याकडं भांडी घासणाऱ्या सरजाबाईला चावला. बिचारी फक्त त्याची वाटी उचलायला वाकली होती. त्यानंतर तू त्याला गाडीत घालून इथं आणून सोडलंस. म्हणालास, अप्पा गेल्यापासून तू एकटी असतेस, तुला सोबत होईल. तुला नको असलेलं सगळं माझ्या सोबतीला येतं, हे मला आता पाठ झालंय.

पहिले काही महिने मी त्याला भीतच होते. खायला ठेवायचे आणि मागच्या दारातून बघायचे. तो एक डोळा माझ्यावर ठेवून गपागप गिळायचा, आणि ओकायचा. शेवटी मी त्याला नांदेडला डॉक्टर पंचशीलाकडं नेलं. तेव्हा तू फोनवर म्हणाला होतास, "उदगीरात, लातुरात डॉक्टर मेले का? त्यांच्याकडंच कशाला?" मी म्हटलं, बिघडलेल्या कुत्र्यांचं तिला चांगलं कळतं. ते खरंच होतं. तू ज्या कारणानं विचारलंस तेही मला समजलं होतं. पंचशीला ही अश्वजितची बहीण. आपण दोघांनीही त्याचं नाव घेतलं नाही.

तिनं टायगरला हातही लावला नाही. आधी मलाच प्रश्न विचारले. मग म्हणाली, "ताई, कुत्रं गुरगुरतं म्हंजे ते बोलून राहिलंय. मागं सरक म्हणून राहिलंय. तुमच्या भावानं त्याला मारून मारून बोलायचं बंद केलं. राग गेला न्हाई, फक्त आवाज गेला. आता त्याच्याकडं चावायशिवाय काय हाय?"

मी विचारलं, मग काय करायचं? ती म्हणाली, वाटी ठेवायची आणि निघून जायचं. डोळ्यांत बघायचं नाही, वरून हात न्यायचा नाही. नंतर हळूहळू लांबून जाताना वाटीतल्यापेक्षा चांगलं काहीतरी त्याच्याकडं टाकायचं आणि न थांबता पुढं जायचं. माणूस जवळ येतो तो काही घ्यायला नाही, द्यायला येतो, हे त्याला पटलं पाहिजे. वेळ लागेल, म्हणाली, कारण त्याला उलटं शिकवलेलं आहे.

आता चांगलं काहीतरी म्हणजे काय? दूध-भाकरीपेक्षा चांगलं. तिनं अंडी सांगितली. अण्णा, ऐकून घे. अप्पांच्या, गुरुबसप्पांच्या लिंगायत घरात मी अंडी उकडली. घरात नाही, परसात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. शेजारच्या सिद्धम्मामावशीला वास आलाच. ती भिंतीवरून डोकावून, कुत्र्याला नेहमीसारखं कानडीत नायी म्हणत, म्हणाली, "मंजे, तुजा अप्पा असता तं तुला त्या नायीसंगट भाईर काढला असता." आणि वर म्हणाली, "चार उकड, दोनात काय व्हतंय त्याचं."

मी काही घ्यायलाच येते, असं त्याला किती दिवस वाटत राहिलं. मग आषाढात एकदा मी अंगण झाडत त्याच्या वाटीजवळ जरा जास्तच गेले, आणि टायगर गुरगुरला. बारीकसा आवाज, घशातल्या घशात. मी जागेवर थांबले. दोन पावलं मागं सरले आणि म्हटलं, शाबास. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला चप्पल दिसली नाही. मग तो खाली बघून सावकाश खायला लागला, गपागप न गिळता, चावून चावून. मी झाडू टाकून ओट्यावर बसले आणि रडले. मला फार आनंद झाला होता. सिद्धम्मामावशीकडं पेढे घेऊन गेले तर ती म्हणते, "नायी गुरगुरली म्हून पेढे? तुजं डोस्कं फिरलंय, पोरी." पण दोन पेढे खाल्ले तिनं.

असा तो हळूहळू बोलायला लागला होता. तुझ्या भाऊबीजेपर्यंत.

आता त्या दिवसाचं लिहिते. तू म्हणशील मी पण तिथंच होतो. होतास, पण तू भागवत सरांच्या मोबाईलकडं बघत होतास. मी तुला ओवाळलं. तू ताटात ओवाळणी टाकलीस. टायगर पडवीत खात होता. भागवत सर म्हणाले, "मल्लिनाथ सर, ह्योच का तुमचा वाघ?" आणि तुला दाखवायची हौस आली. मी म्हटलं, अण्णा, तो जेवतोय, राहू दे. तू हसून म्हणालास, "माझं कुत्रं हाय, मला शिकवतीस?" आणि वाटीला हात घातलास.

तो गुरगुरला, अण्णा. मी ऐकलं, भागवत सरांनी ऐकलं, तू सगळ्यांत जवळून ऐकलंस. तू त्याच्या तोंडावर चापट मारलीस आणि म्हणालास, गप. मग कोण म्हणतं न सांगता चावला?

त्यानंतर तो गप झाला. तू वाटी पुढं ढकललीस, पुन्हा ओढलीस, पुन्हा ढकललीस. भागवत सर व्हिडिओ काढत होते. टायगरचं खाणं थांबलं. अंग ताठ, मान वाटीवर, शेपूट हलेना, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसायला लागलं. पंचशीलानं मला हे एकेक करून ओळखायला शिकवलेलं आहे. याच्यानंतर काय येतं तेही सांगितलेलं आहे. तुझा हात तिसऱ्यांदा वाटीकडं गेला तेव्हा मी ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होते. निरांजन अजून जळत होतं. अण्णा हात काढ, एवढंच म्हणायचं होतं. मला वेळ होता. मी म्हटलं नाही.

हे मी वैनीला सांगितलेलं नाही, कुणालाच नाही. तोंड उघडलं नाही, कारण मला त्या क्षणी टायगरची वाटी दिसतच नव्हती, माझं जेवणाचं ताट दिसत होतं.

तुला आठवतं का कोण जाणे. मारणाऱ्याला आठवत नाही म्हणतात. अव्वा होती तेव्हा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनं धपाटे केले होते, अव्वा-अप्पा आणि आपण दोघं, असे चौघं जेवायला बसलो होतो. मी म्हटलं, मला अश्वजितशी लग्न करायचं आहे, मी ठरवलं आहे. तू हात लांब करून माझ्यासमोरचं ताट ओढून घेतलंस. अप्पा स्वतःच्या ताटात बघत राहिले. मी भांडले, ओरडले, तुम्ही कोण मला सांगणारे म्हटलं. तेव्हा तू म्हणालास, "आधी म्हण, विसरले. मग जेव." अव्वानं ताट परत ठेवायला हात पुढं केला तर तिच्याकडं असं बघितलंस की तिनं हात मागं घेतला. शेवटी मी म्हटलं, विसरले. तू ताट परत माझ्याकडं सरकवलंस. धपाटे गार झाले होते, तरी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला आलेल्या सगळ्यांना तू सांगत होतास, आमची मंजी समजूतदार आहे. तेव्हापासून मी गुरगुरले नाही. अप्पांची आजारपणं काढली, तुझं टाकलेलं सांभाळलं, दर भाऊबीजेला ओवाळलं. अश्वजित भोकरला शिकवतो, त्याची मुलगी लुंबिनी आता कॉलेजात आहे. पंचशीला तिचे फोटो दाखवते, मी छान म्हणते. मला त्यातलं काही परत नको आहे, उगाच घाबरू नकोस. पण तू त्या कुत्र्याला चापट मारून गप म्हणालास, आणि माझ्या अंगावर काटा आला. दात त्याचे होते, पण चावलो आम्ही दोघं. शिक्षा एकट्याला का?

मी चुकले असं मी म्हणत नाही. तुझ्या हातातून रक्त आलं तेव्हा हळद घेऊन मीच धावले, तेही खोटं नव्हतं. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू?

तर आता रविवारचं. माणूस घेऊन येऊ नकोस. निरोगी कुत्र्याला कायद्यानं असं मारता येत नाही, असं पंचशीलानं सांगितलं आहे. तुझ्या ओळखीचा कुणी तयार होईलही, तुझ्या ओळखी पुष्कळ. पण फाटकाला आतून कुलूप असेल, आणि सिद्धम्मामावशी ओट्यावर बसलेली असेल. तिला मी सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली, "येऊं दे त्याला. म्या बघून घिते." तू तिला ओळखतोस.

पंचशीलाला मी परवा विचारलं की भाऊबीजेनंतर टायगर पुन्हा मुका होईल का. ती म्हणाली, सांगता येत नाही. मग म्हणाली, "गुरगुरणाऱ्याला भ्यायचं नसतं, ताई. ज्याला अजून तुमच्यासंगं राहायचंय तोच गुरगुरतो." काल संध्याकाळी मी वाटी ठेवली आणि मुद्दाम जवळ थांबले. तो गुरगुरला. मी मागं सरले.

हे पत्र तसंच समज, अण्णा. इतक्या वर्षांनी माझ्या घशातून पहिल्यांदा आवाज निघतो आहे. तो ऐकून मागं सरलास तर आपलं नातं राहील. वैनीला नमस्कार सांग.

पुढच्या भाऊबीजेला ये. धपाटे करीन, तुला गरम गरम वाढीन. हात मात्र तुझ्याच ताटात ठेव.

तुझी धाकटी बहीण,
मंजुश्री