दस्त्यावरचं कुंकू

१४ सप्टेंबर, रविवार
वॉल्टची बंदूक शेवटी घरी आली. कागदपत्रं रीतसर झाली, आता तळघरातल्या कपाटात. कुंदाने दारातच विचारलं, "आणखी एक?" म्हटलं, ही माझी नाही, वॉल्टच्या वडिलांची. तो असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हाताऱ्यांच्या निवासात गेला, तिथे कशी ठेवणार? वॉल्टचं नाव काढलं की तिचा विरोध अर्धा होतो. या नोव्हाय गावातल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात गाडी बर्फातून ओढून काढली ती त्यानेच. कारखान्याच्या टूलरूममध्ये मला हाताला धरून शिकवलं, आणि जुन्या दुनळी बंदुकांचं हे वेडही त्याचंच.
निरोप घेताना म्हणाला, "सगळ्यांच्या बंदुकांचा इतिहास खणतोस. आता माझ्या डॅडच्या बंदुकीचा खण. जे निघेल ते सांग. गोडगोड नको."
शब्द दिला.

१६ सप्टेंबर
बनावट न्यूयॉर्क राज्यातल्या कारखान्याची, तो कधीच बंद पडलेला. दोन नळ्या, दोन चाप. नळ्या, मधला लोखंडी सांगाडा, पुढचं लाकूड, तिन्हींवर नंबर एकच. म्हणजे जोडाजोडी नाही. नळ्या सुतळीला टांगून टिचकी मारली. काय सुंदर लांब नाद! म्हणजे दोन नळ्या जोडणारा डाख शाबूत. वरून कुं.चा आवाज: "देवघरातली घंटा खाली नेलीत की काय?"
चहा घेऊन आली, लांबूनच पाहिली. "चांगल्या घरातली दिसते." मी लगेच, "पुरावा?" "झालं तुमचं सुरू," म्हणून गेली.
खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता मात्र आखूड. मागच्या टोकाला कुणीतरी कापलाय, सफाईने. दस्त्याच्या उजव्या अंगाचं पॉलिश तळव्याएवढं उडालंय. कुठल्या तरी गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवत असणार.

२१ सप्टेंबर, रविवार
वॉल्टकडे. आखूड दस्त्याचं सांगितल्यावर चेहरा खुलला. "डॅडने माझ्यासाठी कापला असेल! मी लहान होतो ना." भिंतीवर वडिलांचा फोटो, गावच्या बेसबॉल टीमचा. उजवा हात मागे, बॉल फेकायच्या बेतात. वॉल्टने तो हात मला बोटाने दाखवला, नेहमीसारखा.
वडील बोलायचे नाहीत फारसे. जवळ घेणं तर नाहीच. ही बंदूक तेवढी त्याला देऊन गेले. आई तो पाच वर्षांचा असताना वारली, तिची तर घरात वस्तूच उरली नाही. म्हणून हा माणूस या लाकडा-लोखंडाला इतका चिकटून.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
घोळ.
कुं. दरवर्षी पूजेला माझा मोजमापाचा कॅलिपर, स्वतःचं शिलाई मशीन, लॅपटॉप मांडते. बंदुका कधीच नाही. या वर्षी आपणहून म्हणाली, "वॉल्टची तेवढी आणा. बिचारा तिकडे एकटाच आहे." मला इतकं बरं वाटलं! रिकामी असल्याची खात्री करून पाटावर ठेवली आणि मागच्या अंगणातला झेंडू तोडायला गेलो. येतो तर बाईसाहेबांनी ओलं कुंकू थेट दस्त्यावर लावलेलं. दुसऱ्याच्या बंदुकीच्या जुन्या लाकडावर! ओरडलो. सणाच्या दिवशी तिचे डोळे भरले. "पूजाच केली ना, अहो? स्क्रॅच थोडीच केलं?"
पुसलं. पॉलिश होतं तिथून साफ निघालं. पॉलिश उडालेल्या जागी मुरलं. तेल लावलं तर आणखी पसरलं. आता ती सगळी जागा लालसर, आणि पहिल्यांदाच तिचा आकार नीट दिसला. लांबट, गोल, मऊ कडांचा. भिंतीने असं झिजत नाही.
कुं. मागे येऊन उभी. न विचारता बंदूक उचलली, खांद्याला लावली. डाव्या. ती सगळंच डाव्या हाताने करते, लहानपणी त्यापायी मार खाल्लाय. गाल बरोबर त्या लालीवर टेकला.
"इथे गाल घासलाय, अहो. डावखुऱ्या माणसाची आहे ही. आणि माझ्याच मापाची."
कुं. जेमतेम माझ्या खांद्याला लागते.
मग तो फोटो आठवला, वॉल्टच्या वडिलांचा उजवा हात.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी कुं.ची माफी मागितली. श्रीखंड वाढलं तिने, म्हणजे मिळाली.
दिवसभर तेच डोक्यात. वॉल्ट स्वतः उजव्या हाताचा. पोराच्या चार बारांनी पॉलिश उडतही नाही, हा वर्षानुवर्षांचा गाल आहे. म्हणजे बंदूक वडिलांनी कुणाकडून तरी जुनी घेतली, स्वतः क्वचितच वापरली, आणि दस्ता वॉल्टसाठी कापलेला नव्हताच. म्हाताऱ्याकडे वडिलांची एवढी एकच गोष्ट. ती मी काढून घ्यायची?
कुं.: "नाही सांगितलंत तर?"
"शब्द दिलाय."
"मग मीही येते."

९ ऑक्टोबर, गुरुवार
स्क्रू सोडवून नुसता दस्ता वेगळा केला. बंदूक तिथे नेऊ देत नाहीत, लाकडाला कोण अडवणार? टॉवेलात गुंडाळून नेला.
वॉल्टने मांडीवर घेतला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. डावखुरा माणूस, ठेंगणा, वडील नव्हेत. तो दस्त्याच्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवू लागला. मला माझीच जीभ हासडावीशी वाटली.
मग म्हणाला, "डॅडला ती चालवताना मी पाहिलंच नाही कधी. किचनच्या दारामागे असायची."
त्याने दस्ता मांडीवर उलटा केला.
"मॉम ब्रेड डाव्या हाताने कापायची."
मी म्हणणार होतो की एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, डावखुरी ठेंगणी माणसं गावोगाव असतात... कुं.ने कोपराने ढोसलं.
"हे लाल कसलं?" त्याने विचारलं. कुं.ने तिच्या इंग्रजीत सांगितलं: चूक माझी, सॉरी, आम्ही पूजेत लावतो, बायका कपाळावर लावतात. त्याने तिच्या कपाळाकडे पाहिलं. दस्ता उचलून त्या जागी हळूच डावा गाल टेकला आणि डोळे मिटले. कुं. रडत होती. मीही, लपवायचं कशाला.
डोळे न उघडताच म्हणाला, "नेम चांगला होता का तिचा?"
लाकडावरून नेम कळत नाही. कशावरूनच कळणार नाही आता.
"हो," म्हटलं. "फार चांगला."
दस्ता त्याच्याकडेच ठेवून आलो.
गाडीने घरी निघालो. हायवेवरचा आमचा एक्झिट आला तेव्हा कुं. हळूच म्हणाली, "पुरावा?"
"शोधतो," म्हटलं.