ढोलाचं नवं कातडं

चिम्वाला, ३ जून

चि. एलुबी हिस,
वायसनमामाचे अनेक आशीर्वाद.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. फोनवर हे बोलता येत नाही. फोनसाठी टेकडी चढावी लागते आणि तिथे आधीच चारजण कान टवकारून उभे असतात. म्हणून मिनीबसवाल्याच्या हाती पत्र देतो आहे.

आपली रीत तुला ठाऊक आहे. गावप्रमुख वारले की वारसाचं नाव ठरेपर्यंत गावाने एवढंच म्हणायचं, त्यांना थंडी बाधली आहे, भेटत नाहीत. तेवढ्या दिवसांत मोठ्या ढोलाला गुपचूप नवं कातडं चढवायचं. तो वाजला की मग रडायचं. या वेळी तसं झालं नाही. तू शिकवतेस त्या वर्गातल्या, आपल्या गावच्या म्तिसुंगेने शाळेच्या त्या इंटरनेटवरच्या ब्लॉगवर लिहिलं की आमच्याकडे मोठ्या ढोलाला नवं कातडं चढतंय. पोरीला त्याचा अर्थ माहीत नव्हता. तिकडे ब्लांटायर शहरात बसलेल्या लिफ्रेडला होता. प्रमुखांच्या दुसऱ्या बायकोचा मुलगा तो. दुसऱ्याच दिवशी ट्रकभर माणसं घेऊन, गादी माझी म्हणत हजर झाला. प्रमुखांना घाईघाईने पुरावं लागलं. ओल्या कातड्याचा ढोल भिजलेलं पोतं बडवावं तसा वाजला. माझ्या उभ्या जन्मात एवढी लाज वाटली नव्हती.

आता शनिवारी पंच बसणार. बाईच्या वर्गाने गाव उघडं पाडलं म्हणतात. संगणकाची खोली बंद करा, नाहीतर आमची सतरा मुलं काढून घेतो, असं तुझ्या मुख्याध्यापकांना कळवलंय. तुला मुलांच्या परीक्षेमुळे येता येणार नाही, तेव्हा आईचा भाऊ म्हणून तुझ्या वतीने मीच उभं राहायचं. काय बोलू ते लिहून धाड. दोन दिवस अन्न गोड लागत नाही, मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा गोळा हातातच थंड होतो.

आणि हो, हे सांगितलं कोणी, ते त्या पोरीने तुला सांगितलंय का? सहज विचारतो.

तुझा चिंतेत असलेला,
मामा


शाळा, ६ जून

ती. वायसनमामांस,
एलुबीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मुख्याध्यापकांनी खोलीची किल्ली कालच काढून घेतली. बाराही संगणकांवर चादरी टाकल्यात, मेलेली माणसं झाकावीत तशा. शनिवारी पंच काय म्हणतात ते पाहून किल्ली द्यायची की नाही ते ठरवू, असं ते म्हणाले.

मामा, मी दमले आहे. आठ वर्षं एकाच साच्यातले निबंध तपासले, मागच्या बाकांवरची डोकी टेकलेली पाहिली. ब्लॉग सुरू झाला, दूरचं कुणीतरी आपलं वाचतंय हे कळलं, आणि हीच पोरं लिहिलेलं आपणहून खोडून पुन्हा लिहायला लागली. वीज गेली तर बॅटरी संपेपर्यंत उठत नसत. म्तिसुंगेने तर वर्षभर वर्गात तोंड उघडलं नव्हतं. हा तिचा पहिला लेख. आता ती पुन्हा गप्प झाली आहे, आणि या खेपेला ती बोलेल असं मला वाटत नाही.

तुम्ही मागच्या आठवड्यात पीठ घेऊन आलात, तेव्हा चपला दाराबाहेर काढून, टोपी मांडीवर ठेवून संगणकासमोर बसला होतात, चर्चमध्ये बसावं तसे. पोरं अजून तुमची नक्कल करतात.

तुम्ही सहज विचारलंत, म्हणून सहजच सांगते. लेखाच्या शेवटी एक ओळ होती. माहिती कुणाकडून मिळाली ते लिहायचं, असं मीच शिकवलंय, आणि ती पोर शिकवल्याप्रमाणे वागली. गोंधळ कानावर आला त्या दिवशीच ती ओळ मी काढली. पंचांकडे लेखाचा जो कागद गेला, त्यावरही ती नाही.

शनिवारी एवढंच सांगा की बाईने नीट न वाचता लेख चढवला, चूक बाईची. माझी बदली मागितली तर मागू द्या. खोली तेवढी उघडी राहू द्या. मामींना नमस्कार सांगा.

तुमची भाची,
एलुबी


चिम्वाला, ९ जून

चि. एलुबीस,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसंच बोलायला उभा राहिलो. चूक बाईची, इथपर्यंत आलोही. पंचांनी माना डोलावल्या, बदलीचा अर्ज कुणी लिहायचा तेही ठरत आलं. तेवढ्यात गावातली थोरली नाचिसाले म्हातारी म्हणाली, अरे, ढोलाच्या खोपीत चारच पुरुष गेले होते, मग पोरीच्या कानापर्यंत हे गेलं कसं? तिने एकेकाचं तोंड पाहायला सुरुवात केली. माझ्यापाशी यायच्या आतच मी बोललो.

हो, मीच सांगितलं. कातडं ताणून धरायचं काम माझं, चाळीस वर्षं माझंच. पीठ घेऊन आलो त्या दिवशी तुझ्या संगणकाच्या खोलीत ती पोर वही घेऊन समोर बसली, आजोबा, गावाचं काहीतरी सांगा म्हणाली. मी सांगेन ते लिहून घ्यायला आजवर कुणी बसलं नव्हतं गं. प्रमुख गेले हे मी सांगितलं नाही, एवढी अक्कल होती. पण कातडं कसं भिजवतात, कसं ओढतात, हाताला कसा वास राहतो, ते सगळं सांगत बसलो. आणि मग तुलाच पत्रात विचारलं, हे सांगितलं कोणी. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

म्हातारी म्हणाली, याची जीभ ओल्या कातड्याहून सैल. सगळे हसले. मग शिक्षा ठरली. दोन कोंबड्या दंड झाला, आणि ढोलाला पुन्हा हात लावायचा नाही. लिफ्रेड हात हलवत परत गेला, गादी आपल्या रीतीप्रमाणे प्रमुखांच्या बहिणीच्या मुलालाच मिळाली. तुझी बदली नाही. मुलं काढत नाहीत, तसा निरोप मुख्याध्यापकांना गेला आहे. गावचं काही लिहिलं तर आधी गावात वाचून दाखवायचं, एवढीच अट.

किल्ली मिळाली की ती काढलेली ओळ परत घाल. पोरीलाच घालू दे. तिने खरं लिहिलं होतं, हे तिला वर्गात सगळ्यांसमोर सांग.

लोभ होता तेवढाच राहू दे. जास्त मागायला तोंड नाही.

तुझा,
वायसनमामा

ता. क. आज सकाळी कातडं वाळलं आणि ढोल वाजला. मी शेताच्या बांधावरून ऐकला. बरा वाजतो.