मनगटावरची गाठ आणि हिरवा चुडा

॥ श्री ॥
लालबाग, ५ एप्रिल १९६०

चि. सौ. लीलास आत्याचे अ. उ. आ.

एक मेला आपलं राज्य होतंय, मुंबईसकट. आनंदानं दोनदा चहात मीठ पडलं. चार वर्षांमागे मी बोलले होते, हे होईस्तोवर उजव्या हातात एकच बांगडी. चुडा भरीन तो त्याच दिवशी. शिवा कासाराला सांगून ठेवलंय. पण मेल्या त्याच मनगटावर बोराएवढी गाठ आलीय, हात मुडपला की कळ. चुडा चढायचा कसा?

शेजारच्या रमाबाई म्हणतात, जाड पुस्तक हाणलं की फुटते. घरात जाड अशी एक पोथीच, ती कशी हाणायची? मग त्यांनी माझाच वरवंटा उचलला. तुझ्या आतोबांनी तो लपवलाय, म्हणून आज चटणी नाही. तू दवाखान्यात कामाला, डॉक्टरांना विचार. माया आहेच, उत्तरात उशीर नको.

तुझी यशोदाआत्या

गिरगाव, ८ एप्रिल १९६०

ती. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

वरवंटा लपलेलाच बरा. हाणून हाड दुखावेल आणि गाठ परत यायची ती येईलच. डॉक्टर म्हणाले, आधी बघू दे. अशी गाठ बहुधा निरुपद्रवी. दुखत नसेल तर राहू द्यावी, पुष्कळदा आपणहून जिरते. दुखत असेल तर सुईनं आतला दाट पाक काढतात, पण ती पुन्हा भरू शकते. कापून काढली तर परतण्याची भीती कमी, मात्र टाके, पट्टी, आखडलेलं मनगट. मग एक मेचा चुडा विसर.

सोमवारी ये. मोर्च्यात लाठीला न भ्यालेली बाई सुईला भ्याली, तर गिरगावभर सांगेन. आतोबांना नमस्कार.

तुझी लीला

लालबाग, २ मे १९६०

चि. सौ. लीलास अ. उ. आ.

सुईनंतर मनगट कसं सपाट झालं होतं. परवापासून गाठ पुन्हा डोकावतेय, हरभऱ्याएवढी. डॉक्टरांचं खरं झालं. मी कुणाला बोलले नाही. काल शिवानं हात दाबला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. चाळीतल्या बायकांना वाटलं, राज्याचं. तेही होतंच. डझनभर बांगड्या चढल्या, एकही वाढली नाही.

ऑपरेशनचं म्हणशील तर चुडा उतरवावा लागेल. डॉक्टरांना म्हणावं, गाठीला थोडं थांबायला सांगा. चार वर्षं मीही थांबले होते. आतोबांनी वरवंटा परत दिलाय. चटणी खायला ये, लोभ तोंडी लावायला आहेच.

तुझी यशोदाआत्या