प्रोसेसरवरची बुरशी

१९ सप्टेंबर २००६, मंगळवार

नऊ मिनिटं — आणि बंद!

कुणी वायर उपटावी तसा. लाइट होती, छताचा पंखा फिरत होता, फक्त कॉम्प्युटर मेला. पुन्हा लावला. सहा मिनिटं. पुन्हा लावला. चार. परवा रविवारीच मी तो उघडून आतून लख्ख पुसला होता, त्याचे हे असे पांग फेडले!

गंगू चष्मा लावून खुर्चीत बसलेली. "गेलं?" म्हणाली.

"येईल परत."

"येऊ द्या. मला कुटं जायचंय?"

२० सप्टेंबर, बुधवार

आठ. पाच. तीन.

वीज मंडळाच्या सबस्टेशनात एकतीस वर्षं तासातासाचे आकडे लिहिले, ती सवय जात नाही. रिटायर झाल्यावर घरात मोजायला काही उरलं नव्हतं. आता मिळालं!

नीट लिहून ठेवतो. गंगूला काचबिंदू आहे. ऑगस्टमध्ये पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं — "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. काही दाखवायचं असेल तर दाखवून घ्या." मी घरी येऊन बायकोला विचारलं, काय बघायचंय? काशी म्हणेल, समुद्र म्हणेल असं वाटलं. म्हणाली, "आई."

सासूबाईंचा फोटो एकच. आमच्या लग्नातला, १९७१ सालचा, घोळक्याचा. तिसऱ्या रांगेत उभ्या, चेहरा मुगाच्या दाण्याएवढा. पुढच्याच वर्षी गेल्या, मधे गंगूचं माहेरी जाणं झालंच नाही. गंगू म्हणते, "सासरी निघताना मी तिच्याकडं बघितलंच न्हाई वो. रडू ईल म्हनून मान खाली घातली, ती गाडी वळल्यावरच वर केली."

म्हणून तो फोटो सीडीवर करून आणला. कॉम्प्युटर वरच्या खोलीतला आधीचा भाडेकरू ठेवून गेलेला. फोटो मोठा केला की चेहरा पडदाभर येईल, आणि उजेडात तिला बरं दिसेल. पण मोठा करायला लागलं की यंत्राला जोर पडतो. तेवढ्यात हा बंद!

२१ सप्टेंबर, गुरुवार

व्होल्टेज मोजलं. २२८. वीज निर्दोष आहे. जिवाला बरं वाटलं, खातं आपलंच ना!

गंगू दुपारी उंबऱ्याला ठेचकाळली. तिनं उंबऱ्याला दोष दिला. मीही उंबऱ्यालाच दिला.

२४ सप्टेंबर, रविवार

वरच्या खोलीत आता ज्ञानदा राहते. परभणीची, हिंजवडीला कंपनीत आहे. आज तिला सुट्टी. मी खोका उघडून बसलो होतो, तर दारातूनच — "काय शोधायलात, काका?"

सगळं सांगितलं. तिनं आतला छोटा पंखा काढला, त्याखालचा पात्यापात्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा काढला. त्याला हीटसिंक म्हणतात. त्याखाली प्रोसेसर, चकचकीत. माझ्या मेहनतीचं फळ! ती बघतच राहिली.

"काका, इथली पांढरी पेस्ट कुठंय?"

"पेस्ट? बुरशी होती ती. वाळलेली. मी खरवडून काढली."

आता आमच्या नेरे गावात पावसाळ्यात चपलांना बुरशी, पट्ट्याला बुरशी, देव्हाऱ्याच्या लाकडाला बुरशी. भाद्रपदात पांढरं काही दिसलं की हात फडक्याकडेच जातो!

ज्ञानदा हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, दोन धातू कितीही घट्ट दाबले तरी मध्ये बारीक हवा राहतेच, आणि ती हवा उष्णता जाऊ देत नाही. पेस्ट ती फट भरते. पेस्ट नसली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून यंत्र आपणहून बंद होतं.

म्हणजे मीच. माझ्याच हातानं. सैल जोड किती तापतो हे नव्या ऑपरेटरांना शिकवत आयुष्य गेलं, तो मी!

गंगूला कबूल केलं. ती म्हणाली, "तुमी घासायला घेतलं की काय ठिवता? पातेल्याची कल्हई बी अशीच घालवली हुती."

२५ सप्टेंबर, सोमवार

ज्ञानदा पेस्ट आणणार, शनिवारी. शनिवार! मला दम नाही. सबस्टेशनात बॅटरीच्या टर्मिनलला आम्ही व्हॅसलीन लावायचो. गंगूच्या टाचांची डबी होती. लावली.

२६ सप्टेंबर, मंगळवार

व्हॅसलीन वितळली. अकरा मिनिटं. घरभर वास. "माज्या टाचा ऱ्हाऊ द्या," गंगू म्हणाली, "त्येच्या तरी मऊ झाल्या आसतील."

३० सप्टेंबर, शनिवार

ट्यूब आली, करंगळीएवढी. देऊन ज्ञानदा ड्यूटीवर गेली. "उद्या मी लावते, काका, थांबा." थांबतो कोण? व्हॅसलीन पुसली आणि पेस्ट लावली, भरपूर. भाकरीला लोणी लावताना हात आखडता घेतो का आपण?

चौदा मिनिटं.

ठोकळा काढून बघितला, पेस्ट चारी कडांनी बाहेर आलेली. एवढं होऊन गंगू चिडली नाही, म्हणून मीच चिडलो. "मला घाई आहे गं!" ओरडलो तिच्यावर.

"मला न्हाई," ती म्हणाली.

नंतर चाचपत आली आणि पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. पस्तीस वर्षांत तिला कधी बोललो नाही ते इथे लिहितो. तिच्याइतकं जवळचं मला जगात कुणीच नाही. आणि मला भीती वाटते. तिच्या डोळ्यांत शेवटचा उजेड असेल, आणि मी नेमका स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेला असेन.

१ ऑक्टोबर, रविवार

ज्ञानदानं सगळी पेस्ट पुसून काढली. मग प्रोसेसरच्या मधोमध एक ठिपका. तांदळाच्या दाण्याएवढा. एवढाच! "दाबानं आपोआप पसरती, काका. जास्त झाली की तीच आडवी येती." शिवाय ठोकळ्याचा एक हूक मी अर्धवटच अडकवला होता. एका बाजूनं ठोकळा चक्क उचललेला! आम्ही दोघांनी दाबून बसवला.

दहा मिनिटं. वीस. चाळीस. मग मोजायचं सोडून दिलं!

फोटो मोठा केला. सासूबाई पडदाभर. ठसठशीत कुंकू, डोक्यावरून पदर, ओठ घट्ट मिटलेले. आणि नजर कॅमेऱ्याकडे नाहीच. खाली बसलेल्या नवरीकडे. पस्तीस वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी गंगूला म्हणालो, "बघ, कुणाकडे बघताहेत."

"माज्याकडं बगतीया?"

"तुझ्याकडेच."

ती खूप वेळ रडली. ज्ञानदाही रडली. मी पंखा फिरतोय का ते तपासत बसलो.

२ ऑक्टोबर, सोमवार. दसरा.

सगळी बटणं बंद करून कॉम्प्युटरची पूजा केली. झेंडूचा हार घातला. ज्ञानदाला सोनं दिलं, ती पाया पडली. गंगूला पुन्हा आई बघायची होती, पण दिवसभर माणसांची ये-जा. उद्या.

३ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळीच खोका सुरू केला. आतला पंखा घुमू लागला. गंगूला खुर्चीत बसवलं, "उघडतो हं," म्हणालो, आणि अडकलेली माउसची वायर सोडवायला टेबलाखाली वाकलो. उठून बघतो तर पडदा काळा. पूजेच्या वेळी बंद केलेलं त्याचं बटण तसंच राहिलेलं.

सांगणार, तोवर तिनं काचेवर हात ठेवला होता. हळूहळू फिरवत होती.

"आज आई लई ठळक दिसतीया," म्हणाली. "आन काच बी कशी गार हाय. मशीन बरी केली बगा तुमी."

कधीपासून, ते विचारलं नाही. "झाली बरी," म्हणालो, आणि तिच्याशेजारी बसून कुंकवापासून सांगायला सुरुवात केली.