अडकणारा तिसरा कप्पा

मी, खाली सही करणारा, वय छप्पन्न, शब्दकोशाच्या कचेरीत वाचकांच्या शंकांना पत्रोत्तरे देणारा, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल संशय असल्यास सगळी विभक्तिरूपे म्हणून दाखवीन. ऐकायला कोणी बसत नाही, हा माझा दोष नव्हे. सोमवारी शस्त्रक्रिया आहे, म्हणून घाई.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नीस. घरात तिचेच चालते. आता कायद्यानेही चालेल.

२. संस्कृत पुस्तके धाकट्या भावास. ती वाचण्याची अट नाही. माझी छत्री मात्र त्याने परत करावी. नऊ वर्षे झाली.

३. ‘डिप्लोअर’ या इंग्रजी क्रियापदाविषयी. एका वाचकाने अर्थ व उपयोग विचारला होता. मी कळवले: तीव्र नापसंती, साध्या कुरकुरीसाठी वापरू नये, रोख कृत्यावर असावा, माणसावर नव्हे. आमच्या कचेरीत उदाहरणाचे वाक्य ज्याचे त्याने रचायचे असते. मी रचले: ‘मुलीने वकिली सोडून सुतारकाम धरले, हे मी डिप्लोअर करतो.’ पुढच्या आवृत्तीत ते जसेच्या तसे छापले गेले.

पत्नी म्हणाली, “लोक मुलीचं कौतुक छापून आणतात, तुम्ही निषेध छापलात!”

मुलगी कोश घेऊन आली. पान उघडून म्हणाली, “अर्थ बरोबर आहे, बाबा. उपयोग चुकला.” चहासुद्धा न घेता गेली. त्याला सहा वर्षे झाली. हजारो अनोळखी वाचकांना उत्तरे धाडली. तिला चार ओळी लिहिताना माझी विद्या पांगळी झाली.

४. शब्दांच्या चिठ्ठ्यांचे सागवानी कपाट मुलीस. तिनेच शिकाऊ असताना केलेले. तिसरा कप्पा तेव्हापासून अडकतो. कचेरीचा सुतार घरी येऊन दोनदा म्हणाला, “साहेब, पाच मिनिटांचं काम आहे.” मी त्याला हात लावू दिला नाही. त्या कप्प्यात ‘डिप्लोअर’ची चिठ्ठी आहे. जुने वाक्य मी खोडले आहे; नव्या आवृत्तीसाठी जागा कोरी आहे. वाक्य तिने लिहावे. माझ्याविषयी असले तरी चालेल.

त्या कप्प्याला तिच्याशिवाय कोणीही रंधा मारू नये. त्यासाठी तिने माझ्या मरणाची वाट पाहावी, अशीही अट नाही.

सही: मुलीचे बाबा
साक्षीदार: १. शेजारचे दंतवैद्य. २. कचेरीतले मुद्रितशोधक (सहीआधी दोन चुका काढल्या).
स्थळ: राहते घर, कपाटासमोर. गुरुवार, ता. १२, दुपारी चार.

प्रत: मुलीस, आजच्या टपालाने. सोमवारच्या आत पोचावी.